सेट टॉप बॉक्स व स्पष्ट चित्र

जी वस्तु नित्य डोळ्यांसमोर असते तिच्याविषयीं मनुष्य क्वचितच विचारपूस करतो. विहिरीला पाणी कोठून येतें, चुलीचा धूर वरच कां जातो, असे प्रश्न लहान मुलेंच विचारतात; मोठीं माणसें या गोष्टी गृहीत धरून चालतात. आज आमच्या मूल गांवांत व आसपासच्या खेड्यांत घर कौलारू असो वा स्लॅबचें असो, त्यावर बहुधा एक छत्री दिसते, आणि आंत टेलिव्हिजनच्या संचाजवळ एक लहानशी काळी पेटी ठेवलेली असते. हिलाच सेट टॉप बॉक्स म्हणतात. ती बंद पडली म्हणजे सारें घर बेचैन होतें; पुष्कळ घरीं तिच्यापायीं दरमहा पैसाहि खर्च होतो. तथापि ती नेमकें काय करते, हें सांगणारें माणूस सहसा भेटत नाहीं. त्यांत अलीकडे ‘एचडी’ या दोन अक्षरांची भर पडली आहे. एचडीची पेटी आणली, जास्त पैसे भरले, आणि चित्र मात्र होतें तसेंच राहिलें, अशी तक्रार ठिकठिकाणीं ऐकूं येते. ही तक्रार बहुतेक वेळां पेटीच्या दोषामुळें नव्हे, तर माहितीच्या अभावामुळें उद्भवते. म्हणून विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल अशी या विषयाची माहिती आम्ही येथें देत आहों.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. भारतांत टेलिव्हिजनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्ली येथें प्रयोगादाखल झाला. मुंबईस तो २ ऑक्टोबर १९७२ रोजीं आला, आणि १९८२ सालीं, दिल्लींत आशियाई खेळांचे सामने भरले त्या वर्षीं, चित्रांत रंग आले. त्या काळीं प्रक्षेपण जमिनीवरील उंच मनोऱ्यावरून होत असे. मनोऱ्यापासून दूर राहणाऱ्यांस छपरावर लांब नळ उभारून त्याच्या शेंड्यास ॲल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना बांधावा लागे. एकानें वर चढून तो फिरवावयाचा, दुसऱ्यानें खालून “आलं, आलं, गेलं!” असें ओरडावयाचें, हा प्रकार आजच्या पालकांपैकीं अनेकांस आठवत असेल. पुढें केबल आली. १६ डिसेंबर २००४ रोजीं दूरदर्शननें उपग्रहावरून थेट घरोघर पोहोंचणारी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही विनामूल्य सेवा सुरू केली; तीच आज ‘डीडी फ्री डिश’ या नांवानें ओळखली जाते. २०११ सालीं केबलच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन सर्व केबल प्रक्षेपण अंकीय पद्धतीनें करण्याचें ठरलें. मुंबईंत हा बदल २०१२ च्या अखेरीपासून अंमलांत येऊं लागला, नागपुराची पाळी २०१३ सालीं आली, आणि ग्रामीण भागासाठीं ३१ मार्च २०१७ ही शेवटची मुदत ठरली. तेव्हांपासून छत्री असो वा केबल असो, पेटीवांचून या दोहोंपैकीं कशाचेंहि चित्र सहसा दिसत नाहीं.

आतां छत्रीचें काम पाहूं. फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ नांवाच्या भारतीय उपग्रहावरून येतात. हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियाना येथील कुरू या तळावरून सोडण्यांत आला. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर त्याचें स्थान आहे. या उंचीवरील उपग्रहास पृथ्वीप्रदक्षिणेला नेमका तितकाच वेळ लागतो, जितका पृथ्वीला स्वतःभोवतीं फिरण्यास लागतो. म्हणून खालून पाहणाऱ्यास तो आकाशांत एकाच जागीं खिळल्यासारखा असतो, व छत्री एकदां नीट रोखली कीं पुन्हां फिरवावी लागत नाहीं. मूल हें गांव सुमारें २० अंश उत्तर अक्षांश व ७९.७ अंश पूर्व रेखांश येथें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्रिकोणमितीच्या साह्यानें हिशेब करून पाहावा. दक्षिणेकडे तोंड करून उभें राहावें, तेथून सुमारें ३६ अंश पूर्वेकडे वळावें, आणि क्षितिजापासून सुमारें ६२ अंश वर पाहावें. त्या दिशेस हा उपग्रह आहे. छत्रीची घडण तिरपी असल्यामुळें ती इतकी उंच रोखलेली दिसत नाहीं, इतकेंच. खाजगी कंपन्यांचे उपग्रह निरनिराळ्या रेखांशांवर असल्यामुळें शेजाऱ्याची छत्री आपल्याहून वेगळ्या दिशेस पाहत असेल, तर त्यांत चूक आहे असें समजूं नये.

उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास असते, आणि इतक्या लांबून येतांना त्या अत्यंत क्षीण होतात. अंतर्वक्र आरशानें सूर्यकिरण एका बिंदूंत गोळा करावे त्याप्रमाणें छत्री या लहरी आपल्या दांडीच्या टोकावरील डबींत गोळा करते. त्या डबीस एलएनबी म्हणतात. ही डबी लहरींस बळ देते, व त्यांची कंपनसंख्या कमी करून त्या तारेंतून वाहतील अशा करते. ही तार घरांत पेटीला येऊन मिळते.

पेटीचीं कामें मुख्यतः तीन आहेत. पहिलें निवडीचें: एकाच तारेंतून शेकडों वाहिन्या एकत्र येत असतात, त्यांतून आपण मागितलेली तेवढीच वेगळी काढावयाची. दुसरें कुलूप उघडण्याचें: पैशाच्या वाहिन्या गुप्त लिपींत पाठविलेल्या असतात, ज्यानें वर्गणी भरली त्याच्याच पेटीला किल्ली मिळते. तिसरें काम सर्वांत नवलाचें आहे, आणि तें म्हणजे दडपलेलें चित्र पुन्हां उलगडण्याचें.

दडपणें म्हणजे काय, हें आपल्या झाडीपट्टीच्या नाटकावरून चांगलें समजेल. दिवाळीनंतर आपल्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. समजा, एक मनुष्य मंडपांत बसून घरीं आजारी असलेल्या मित्राला फोनवरून नाटक सांगत आहे. मागच्या पडद्यावर राजवाडा रंगविलेला आहे, हें तो एकदांच सांगेल. दर क्षणीं पुन्हां सांगणार नाहीं. पुढें तो फक्त “राजा उठला, प्रधान डावीकडून आला” इतकाच फरक कळवील. पडदा बदलला कीं नव्या पडद्याचें वर्णन करील. अंकीय प्रक्षेपणांत हीच युक्ति योजलेली असते. सबंध चित्र अधूनमधून पाठवितात, आणि मध्यंतरीं जें हललें वा बदललें तेवढेंच कळवितात. एचडीचें चित्र काटछाट न करतां पाठवावयाचें झालें तर दर सेकंदाला सुमारें १२४ कोटी शून्यें व एक पाठवावे लागतील. दडपल्यावर हेंच काम साधारणतः एक कोटीच्या आसपास भागतें. पेटी तो त्रोटक निरोप वाचते व सबंध चित्र पुन्हां जुळविते, आणि हें ती सेकंदाला पंचवीस वेळां करते.

‘एचडी’ म्हणजे उच्च प्रतीची स्पष्टता. तिचें माप अगदीं सोपें आहे. टेलिव्हिजनचें चित्र ठिपक्यांचें बनलेलें असतें. आपल्याकडील साध्या चित्रांत आडव्या ओळींत ७२० ठिपके व अशा ५७६ ओळी, म्हणजे एकंदर ४,१४,७२० ठिपके असतात. पूर्ण एचडी चित्रांत एका ओळींत १९२० ठिपके व १०८० ओळी, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. भागाकार करून पाहिल्यास हे बरोबर पांचपट भरतात. अंगणांत ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलींस याचा अर्थ सांगावयास नको. तितक्याच जागेंत पांचपट ठिपके दिले, तर कमळाची पाकळी अधिक रेखीव काढतां येते. टेलिव्हिजनवर याचा लाभ बारीक अक्षरांत, नकाशांत, दूरच्या चेहऱ्यांत व क्रिकेटच्या चेंडूंत दिसून येतो.

परंतु हा लाभ पदरांत पडण्यासाठीं चार कड्यांची साखळी अखंड असावी लागते, आणि या लेखाचें सार याच ठिकाणीं आहे. साखळीचें बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेंच असतें.

पहिली कडी वाहिनीची. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? वाहिनी साधी असेल, तर एचडीची पेटी तिचे ठिपके ताणून मोठे करील. परंतु जो तपशील मुळांत पाठविलाच नाहीं तो तिला निर्माण करतां येत नाहीं. मराठींतील कांहीं प्रमुख मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ सालीं निघाल्या. त्यांचा क्रमांक वेगळा असतो व त्यांची वर्गणीहि वेगळी असते. पेटी एचडी असूनहि जुनाच क्रमांक दाबीत राहिल्यास जुनेंच चित्र दिसणार.

दुसरी कडी पेटीची. ती एचडी जातीची असली पाहिजे. साध्या पेटीला हीं दडपलेलीं मोठीं चित्रें उलगडतां येत नाहींत.

तिसरी कडी तारेची, आणि सर्वांत अधिक घोटाळा येथेंच होतो. पेटीपासून संचापर्यंत लाल, पांढऱ्या व पिवळ्या टोकांची जुनी तार पुष्कळ घरीं असते. तींतील पिवळें टोक चित्र नेतें व उरलेलीं दोन आवाज नेतात. ही तार एचडी चित्र वाहूंच शकत नाहीं. त्यासाठीं एचडीएमआय नांवाची चपट्या टोकाची तार लागते. जुनी पेटी काढून नवी बसवितांना जुनीच तार तशीच जोडली, तर सर्व खर्च त्या पिवळ्या टोकाशीं येऊन थबकतो. तार बदलल्यावर संचाच्या रिमोटनें ‘एचडीएमआय’ ही वाट निवडावी, आणि पेटीच्या सेटिंगमध्यें रिझोल्यूशन १०८० वर व चित्राचें प्रमाण १६ : ९ वर आहे कीं नाहीं हें पाहावें. माणसें बुटकीं व रुंद, किंवा लांबट व किडकिडीत दिसूं लागलीं, तर संच बिघडला असें न समजतां हें प्रमाण आधीं तपासावें.

चौथी कडी पडद्याची व पाहणाऱ्याच्या डोळ्याची. सामान्य निकोप डोळ्यास एका अंशाच्या साठाव्या भागाइतका भेद ओळखतां येतो. या मापानें हिशेब केला, तर ३२ इंची पडद्यावरील साध्या चित्राचे ठिपके सुमारें अडीच मीटरांपर्यंतच वेगवेगळे जाणवतात. त्याहून बरेंच लांब, ओसरींत खाट टाकून बसणाऱ्या आजोबांस लहान पडद्यावरील एचडी व साधें चित्र यांत फारसा भेद कळणार नाहीं. त्यांच्यासाठीं पैसे भरण्यापूर्वीं खाट जवळ आणणें किंवा चष्मा तपासून घेणें अधिक शहाणपणाचें होय. उलट पडदा मोठा व बैठक जवळ असेल, तर एचडीचा खर्च सार्थकीं लागतो.

आमच्या जंगलपट्टींत या साखळीला आणखी तीन शत्रू आहेत: पाऊस, झाडें व वानरें. अडीच सेंटिमीटरांच्या लहरी मुसळधार पावसांतून येतांना थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात. जुन्या पद्धतींत प्रक्षेपण क्षीण झालें म्हणजे पडद्यावर मुंग्या दिसत, तरी चित्र कांहींसें ओळखूं येई. अंकीय पद्धतींत असें अर्धवट कांहीं नाहीं: चित्र आधीं चौकोनी तुकड्यांत फुटतें, आणि लगेच ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते. अशा वेळीं पेटीचीं बटणें दाबून सेटिंग बिघडवूं नये. सर ओसरली कीं चित्र आपोआप परत येतें. मात्र विजा कडाडण्याचीं चिन्हें दिसतांच, वादळ जवळ येण्यापूर्वींच, संचाचा व पेटीचा प्लग काढावा व छत्रीची तारहि सोडून ठेवावी. वादळ डोक्यावर आल्यानंतर तारेला हात लावूं नये, आणि ओल्या छपरावर कोणीहि चढूं नये. कोणताहि कार्यक्रम जिवाहून मोलाचा नाहीं.

झाडांची गोष्ट अधिक फसवी आहे. उन्हाळ्यांत छत्री बसवितेवेळीं समोरचा साग निष्पर्ण असतो, आणि त्याच्या फांद्यांतून चित्र बिनतक्रार येतें. मृगाच्या पावसानंतर त्याला रुंद पानें फुटतात आणि चित्र जातें. घरचीं माणसें पेटीला दोष देतात. खरा अडथळा पानांचा असतो. म्हणून छत्रीची जागा ठरवितांना आग्नेयेचें आकाश आज मोकळें आहे एवढेंच न पाहतां, तें श्रावणांत मोकळें राहील कीं नाहीं, हें पाहावें. अडथळा आलाच तर झाड तोडूं नये. छत्रीच चार पावलें सरकवावी. वानरांनीं छत्रीवर उडी घेतली तर दोन अंशांचा फरकहि चित्र घालविण्यास पुरतो; याकरितां पाया भक्कम व बोल्ट घट्ट असावे.

आतां पैशाचा विचार करूं. फ्री डिशला छत्री व पेटी एकदां विकत घेतल्यावर दरमहा कांहींच द्यावें लागत नाहीं. खाजगी सेवेस वर्गणी पडते. पूर्वीं वाहिन्यांच्या बांधलेल्या जुड्या ग्राहकाच्या गळ्यांत पडत. २०१९ सालीं लागू झालेल्या नियमांनीं प्रत्येक पैशाच्या वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करणें भाग पडलें, व हवी ती एकेक वाहिनी निवडण्याचा हक्क ग्राहकास मिळाला. हा हक्क न वापरणें म्हणजे बाजारांतून न लागणारी भाजी पिशवी भरून आणणें होय. आमची सूचना अशी आहे कीं, घरच्या विद्यार्थ्यानें आठवडाभर एक वही ठेवून कोणती वाहिनी कोणी किती वेळ पाहिली तें टिपावें. मग घरांतील मोठ्यांसह बसून जी खरोखर पाहिली जाते तीच ठेवावी, आणि एचडी घ्यावयाची तर तिच्यापैकींच एखादी घ्यावी. विजेचाहि हिशेब करावा. रिमोटनें बंद केलेली पेटी पुष्कळदां केवळ डुलकी घेत असते. समजा ती सदैव १० वॅट वीज घेते. दिवसांतून सहा तासच टेलिव्हिजन पाहिला, तर उरलेल्या अठरा तासांत महिन्याला ५.४ युनिट वीज वायां जाते. भिंतीवरचें बटण बंद केल्यानें ती वांचते.

शेवटीं, हा सारा खटाटोप कशासाठीं करावयाचा? टेलिव्हिजन म्हणजे केवळ करमणूक, असें म्हणणाऱ्यांनीं २०२० चें वर्ष आठवावें. महामारीमुळें शाळांस कुलपें लागलीं होतीं. शिक्षण मोबाईलवर आलें. परंतु ज्या घरीं तसा मोबाईल नव्हता, किंवा ज्या पाड्यावर त्याचा मनोराच पोहोंचला नव्हता, तेथील मुलांनीं काय करावें? त्या वेळीं २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षीं पीएम ई-विद्या या योजनेखालीं एका इयत्तेस एक याप्रमाणें बारा शैक्षणिक वाहिन्यांची योजना झाली. छत्रीला मोबाईलचा मनोरा लागत नाहीं. उपग्रहाची लहर मुंबईच्या हवेलीवर जशी उतरते तशीच भामरागडच्या झोपडीवर उतरते. तिला रस्त्याची गरज नाहीं व नदीच्या पुराची भीति नाहीं. अट एकच: खालीं छत्री नीट रोखलेली असावी, तार धड असावी, व पेटी चालू असावी. ही अट जेथें पाळली गेली नाहीं तेथें मुलाचा पाठ बुडाला. जेथें पाळली गेली तेथें फळ्यावरचें अक्षर घरांत पोहोंचलें.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच आहे. एचडी ही चांगली वस्तु आहे; ऐपत असेल त्यानें ती अवश्य घ्यावी. परंतु स्पष्ट चित्र केवळ पैशानें विकत मिळत नाहीं. साधी वाहिनी, घट्ट जोडलेली तार, मोकळें आकाश व योग्य बैठक एवढ्यानेंहि पाठाचें अक्षर वाचतां येतें. आणि यांपैकीं कडी तुटलेली असेल तर महागडी पेटीहि आंधळी ठरते. विद्यार्थ्यांनीं या सुट्टींत आपल्या घरची साखळी एकदां वाहिनीपासून पडद्यापर्यंत तपासून पाहावी, व शेजारच्या म्हातारीच्या पेटीमागची तारहि जातां जातां पाहून द्यावी. पुस्तकांत शिकलेलें शास्त्र घरांत उपयोगी पडलें म्हणजेच तें पुरतें समजलें असें म्हणतां येईल.